जिरं करपतं कुठे आणि साध्या तोंडीलावण्यांत ते कोणत्या रूपात घालावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विक्रोळीला तीन मित्र भाड्याच्या घरात राहतात. स्वयंपाकाला इंडक्शनची एकच शेगडी. पोळ्या आणि डाळ डब्यातून येतात, भात घरी लावतात. जोडीला जिऱ्याच्या चवीचं एखादं साधं तोंडीलावणं रोज करायचं आहे. पण जिरं एक तर काळं होतं, नाहीतर दाताखाली कच्चं येतं, आणि काहीही केलं तरी सगळं एकाच चवीचं लागतं.

दादरला आमचं पोळी-भाजीचं केंद्र आहे. बाजारात येतात त्याच भाज्या आम्ही आलटून पालटून करतो, आणि नेणारी माणसंही बहुतेक तीच असतात. त्यामुळे 'सगळं एकाच चवीचं' ही तक्रार माझ्या चांगल्या ओळखीची आहे. नवीन भाजी शोधून ती जात नाही. जिरं तीन रूपांत वापरता येतं: तेला-तुपात फुलवून, कोरडं भाजून कुटून, आणि कच्चंच ओल्या खोबऱ्याबरोबर वाटून. तिन्हींचा वास वेगळा आणि तिन्हींच्या जागाही वेगळ्या. तुम्ही पहिलं रूप सगळीकडे वापरताय, आणि तेही करपवून.

आधी करपण्याचं बघू. जिऱ्याचा वास त्याच्यातल्या सुगंधी तेलाचा असतो. तो तेला-तुपात चांगला उतरतो, पाण्यात फारसा उतरत नाही, म्हणून तर फोडणी करायची. दाणा बारीक आणि कोरडा, त्यामुळे नीट तापलेल्या तेलात त्याला दहा-पंधरा सेकंद पुरतात. त्यापुढे तो कडूच होत जातो. इंडक्शनवर पंचाईत ही, की पातळ स्टीलच्या पातेल्याचा मधला भाग झटकन तापतो आणि कडेचं तेल अजून कोमटच असतं. मधले दाणे काळे, कडेचे कच्चे, आणि दोन्ही एकाच घासात. तुमच्या दोन्ही तक्रारी इथूनच निघतात.

तेव्हा जाड बुडाची, सपाट तळाची लहान लोखंडी कढई घ्या. फोडणीपुरता शेगडीचा आकडा 800 वॅटच्या वर नेऊ नका. घरून आणलेली फोडणीची पळी असली तर ती इंडक्शनवर चालणार नाही, तिचा तळ इतका लहान असतो की शेगडी भांडं ओळखतच नाही. कढई थोडी तिरकी धरून तेल एका बाजूला आणायची गॅसवरची सवयही इथे सोडावी लागते. म्हणून तेल अगदी थेंबभर न घेता तळाचा मधला भाग झाकला जाईल एवढं घ्या.

तेल तापलं का हे बघायला दोन दाणे टाका. ते तळाशी बसून राहिले तर थांबा. भोवती बुडबुडे धरून वर आले, फिरायला लागले की बाकीचं जिरं टाका. टाकताक्षणी काळे झाले तर कढई बाजूला घ्या, तेल निवू द्या, ते दोन दाणे काढून टाका आणि मग पुन्हा सुरू करा. जिरं फुललं हे डोळ्यांपेक्षा नाकाला आधी कळतं. रंग जेमतेम एक छटा गडद होतो, वास मात्र उग्रपणा सोडून खमंग होतो. त्या क्षणी पुढची ओली वस्तू हाताशी हवी. मिरची, कांदा, भाजी, जे असेल ते. तिच्यातल्या पाण्यानं तेल निवतं आणि जिरं आहे तिथेच थांबतं. फोडणी करपते ती बहुधा याच वेळी, कारण जिरं तेलात टाकून माणूस मिरची चिरायला वळलेला असतो. सगळं चिरून झाल्याशिवाय शेगडी लावायचीच नाही, एवढं केलं तरी निम्मं काम होतं.

मोहरी आणि जिरं दोन्ही घालायचं असेल तर मोहरी आधी. तिला तडतडायला उष्णता जास्त लागते. तिचा आवाज कमी होत आला की आच उतरवून जिरं, मग हिंग, आणि हळद अगदी शेवटी, शेगडी बंद केल्यावर. नुसत्या जिऱ्याची फोडणी असेल तर नवशिक्यांसाठी एक पळवाट आहे. तेल किंवा तूप थंड असतानाच त्यात जिरं घाला आणि मंद आचेवर दोन्ही एकदमच तापू द्या. वेळ थोडा जास्त जातो, पण जिरं करपत नाही. आमच्याकडच्या जुन्या बायका या पद्धतीला नाक मुरडतात. खाणाऱ्याला फरक कळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

प्रमाण सांगायचं तर पाव किलो भाजीला दोन चमचे तेल आणि चहाचा अर्धा चमचा जिरं. जिथे जिरंच मिरवायचं आहे तिथे एक चमचा.

असं मिरवणं बटाट्याला सगळ्यात शोभतं. बटाटे उकडून पूर्ण गार होऊ द्या. रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळी भाजी केली तर उत्तमच. गार बटाटा घट्ट होतो, त्याच्या फोडी मोडत नाहीत आणि कढईला चिकटतही नाहीत. गरम बटाट्याचा लगदा होतो आणि जिरं त्यात गाडलं जातं. कढईत अर्धं तेल, अर्धं तूप, त्यात चमचाभर जिरं फुलवा, उभी चिरलेली हिरवी मिरची टाका, मग फोडी. आता दोन-तीन मिनिटं हात लावू नका. तळाची बाजू खरपूस झाली की उलथन्यानं परता, मीठ घाला, पुन्हा थांबा. सतत ढवळत राहिलात तर खरपूसपणा येणार नाही. उतरवताना पाव चमचा भाजलेलं जिरं खलबत्त्यात भरडून वरून पेरा आणि लिंबू पिळा. तुपात फुललेलं जिरं भाजीच्या अंगात असतं आणि हे वरचं नाकाशी येतं. या भाजीत मी हळद घालत नाही. घातली की ती डब्यातली नेहमीची पिवळी भाजी होते. कांदाही नको, तो गोडसर होऊन जिऱ्याला मागे ढकलतो. कोथिंबीर घातली तरी चालेल, न घातली तरी काही अडत नाही.

हीच भाजी उपासाला करायची तर नुसतं तूप, जिरं, मिरची, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर आणि लिंबू. बहुतेक मराठी घरांत उपासाला मोहरी, हिंग, हळद चालत नाही आणि जिरं चालतं. त्यामुळे नुसत्या जिऱ्यावर पदार्थ कसा उभा करायचा हे आपल्याकडे उपासाच्या स्वयंपाकातच नीट शिकायला मिळतं. आषाढी-महाशिवरात्रीची वाट बघू नका, एरवीही करून बघा.

दुधी, पडवळ, दोडका या पाणीदार भाज्या. यांची फोडणी अगदी साधी: तेल, जिरं, हिंग, मिरची. भाजी घातली की मीठ घालून वर खोलगट ताटली ठेवा आणि तिच्यात पाणी ओता. ताटली गार राहते, आतली वाफ तिला लागून पुन्हा खाली ठिबकते, आणि भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. वरून पाणी घालून शिजवलेला दुधी पांचट लागतो आणि मग लोक त्यात गरम मसाला ओततात. शेवटी मूठभर ओलं खोबरं, असेल तर. मूगडाळ अर्धा तास भिजवून दुधीबरोबरच टाकली तर भाजीला अंग येतं, पण तुमच्याकडे डाळ आधीच डब्यातून येते, तेव्हा तिची गरज नाही.

कोशिंबिरीत मात्र शेगडीचं काम दोन मिनिटांचं. खमंग काकडीला काकडी किसू नका, किसली की निम्मी पाणी होऊन जाते. कोचवून बारीक करा. जमत नसेल तर सुरीनं बारीक चिरा. हातानं हलकेच दाबून पाणी काढा (ते पिऊन टाका किंवा कणकेत घाला), मग दाण्याचं कूट, ओलं खोबरं, साखर, लिंबू. मीठ अगदी ताटात वाढताना. आधी घातलं तर पाच मिनिटांत कोशिंबीर तरंगायला लागते. वर तूप-जिऱ्याची फोडणी, तिच्यात मिरचीचे तुकडे. इथे तेल घेतलं तरी चालतं म्हणणारे आहेत. मी त्यांच्यातली नाही, कच्च्या काकडीवर तुपातलं जिरंच शोभतं. गाजर किंवा कोबीची कोशिंबीर अशीच होते, फक्त कोबी फार बारीक चिरावा लागतो.

फोडणी सुरुवातीला दिली आणि शेवटी दिली यांत मोठा फरक पडतो. सुरुवातीच्या फोडणीतलं जिरं भाजीबरोबर शिजून मवाळ होतं. शेवटी वरून ओतलेली फोडणी वास घेऊनच ताटात येते. तुमच्या डब्यातल्या डाळीवर हा प्रयोग करा. डाळ गरम करा, चमचाभर तुपात अर्धा चमचा जिरं आणि एक ठेचलेली लसूण पाकळी फुलवून वर ओता आणि लगेच झाकण ठेवा. दोन मिनिटांनी उघडा.

आता दुसरं रूप, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाजारात जिरेपूड म्हणून मिळते ती बहुधा कच्च्या जिऱ्याची, तिचं काम वेगळं. भाजलेली घरीच करा. जाड तव्यावर तेल न घालता पोहे खायचे चार चमचे जिरं मंद आचेवर हलवत राहा. तीन-चार मिनिटांत रंग बदामी होऊन वास सुटतो. लगेच ताटात काढा. शेगडी बंद करून तव्यावरच ठेवलं तर तव्याच्या उरल्या उष्णतेनं ते पुढे भाजत राहतं आणि करपतं. पूर्ण गार झालं की खलबत्त्यात जाडसर कुटा आणि काचेच्या लहान बरणीत भरा. पंधरा दिवसांत संपेल एवढीच करा, त्यानंतर ती नुसती तपकिरी भुकटी राहते.

भाजताना जिऱ्याचा उग्रपणा जाऊन शेंगदाण्यासारखा खरपूस वास येतो, म्हणून ही पूड दही-ताकाशी जमते. वाटीभर दह्याला पाव चमचा पुरे. उकडलेला बटाटा, बीट, काकडी, भोपळ्याच्या वाफवलेल्या फोडी, डाळिंबाचे दाणे, काहीही दह्यात घाला. मीठ, साखर, पूड, झालं रायतं. दही आंबट असेल तर थोडं दूध घाला. मठ्ठ्यात हीच पूड, वाटलेलं आलं-मिरची, कोथिंबीर, मीठ आणि किंचित साखर. ही पूड शिजवू नका. उकळत्या रश्शात घातलीत तर सगळा वास वाफेवर उडून शेजाऱ्यांकडे जाईल.

तिसरं रूप शहरात मागे पडत चाललंय, आणि तुमच्या 'एकाच चवीच्या' तक्रारीवर खरा उतारा तेच आहे. अर्धी वाटी ओलं खोबरं, अर्धा चमचा कच्चं जिरं, एक-दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे पाणी, मिक्सरमध्ये जाडसर फिरवायचं. फरसबी, कोबी, पडवळ, कच्ची केळी किंवा मोड आलेली मटकी नेहमीसारखी मोहरी-हिंगाच्या फोडणीत शिजवा. या फोडणीत जिरं घालू नका. भाजी शिजली की वाटण घालून झाकण ठेवा, एक वाफ आली की बंद. जास्त शिजवलंत तर कच्च्या जिऱ्याचा तो हिरवट, ताजा वास जातो. डाळिंब्यांच्या उसळीत किंवा वालाच्या बिरड्यात पूर्वापार हेच वाटण पडतं, गूळ आणि आमसुलाच्या जोडीनं. वाल भिजवून, मोड आणून सोलायचा धीर तुम्हा तिघांना असेलसं वाटत नाही, पण दादरच्या बाजारात सोललेले वाल मिळतात, थोडे महाग. एखाद्या रविवारी आणा. खोबरं रोज फोडून खवणं जमत नसेल तर एकदाच नारळ खवून वाटी-वाटीच्या पुड्या फ्रीजरमध्ये ठेवा. डब्यातलं सुकं, साखरमिश्रित खोबरं मात्र या वाटणाला चालत नाही.

सोलकढी याच घराण्यातली. नारळाचं दूध काढताना खोबऱ्याबरोबरच चिमूटभर जिरं, एक लसूण पाकळी, मिरची वाटायची, गाळायचं, आणि भिजवलेल्या कोकमाचं पाणी किंवा आगळ घालायचं. गरम करायची नाही, दूध फाटतं. तिला वेगळी फोडणीही लागत नाही.

जिरं कुठे घालू नये हेही सांगते. लाल भोपळ्याला मेथ्यांची फोडणी, गवारीला ओवा, पालेभाजीला लसूण. या जोड्या उगाच ठरलेल्या नाहीत. उपासाचा भोपळा तेवढा जिऱ्यावर होतो. कारल्यात मी जिरं टाळते, कडूत कडू मिसळतं. आणि एका ताटात जिरं एकाच पदार्थात पुढे असावं. डब्यातल्या डाळीला बहुधा जिऱ्याचीच फोडणी असते, बरोबर जिरा बटाटा, वर जिऱ्याचं रायतं आणि जिरा राइस असं जेवलात तर चौथ्या घासाला जीभ दमते. डाळीत जिरं दिसलं की त्या दिवशी मोहरीची कोशिंबीर करा, किंवा मोहरीच्या फोडणीतली, वाटण घातलेली भाजी, कारण तिच्यातलं जिरं वेगळं बोलतं.

खरेदीबद्दल दोन शब्द. जिऱ्याचं पीक गुजरात आणि राजस्थानात रब्बीत होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, आणि त्याची मोठी बाजारपेठ मेहसाणा जिल्ह्यातलं उंझा. म्हणून मुंबईत उन्हाळ्यात, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत वर्षाचा मसाला करून घ्यायला गर्दी असते तेव्हा, जिरंही ताजं मिळतं. तिघांच्या घराला एका वेळी 100 ग्रॅम भरपूर झालं. चिमूटभर तळहातावर घेऊन चोळा. वास यायला हवा. हात काळा झाला तर गवताच्या बिया कोळशाच्या भुकटीनं रंगवून मिसळल्या आहेत असं समजा. अन्नसुरक्षेचं काम बघणाऱ्या एफएसएसएआयनं घरगुती तपासणी म्हणून हीच खूण सांगितली आहे. शहाजिरं वेगळं, बारीक आणि काळसर. ते पुलाव-बिर्याणीचं, या भाज्यांत त्याचं काम नाही.

पावसाळ्यात विक्रोळी काय नि दादर काय, जिरं सादळतंच. सादळलेलं जिरं तेलात फुलत नाही, नुसतं तळून निघतं. बरणीतून थेट वाफाळत्या कढईवर जिरं ओतायची सवय सोडा, वाफ बरणीत शिरते. चमच्यानं काढा, झाकण लगेच लावा. सादळलंच तर कोरड्या तव्यावर अर्धा मिनिट नुसतं गरम करून, गार करून परत भरा. भाजायचं नाही, फक्त ओल घालवायची.

ऑफिसला डबा नेत असाल तर दह्याच्या कोशिंबिरीच्या वाटेला जाऊ नका, सकाळच्या लोकलच्या गर्दीत ती डब्याबाहेर येतेच. जिरा बटाटा आणि वाटण घातलेली फरसबी दुपारपर्यंत छान राहते, पण ओलं खोबरं घातलेली भाजी मे महिन्यात दुपारी एकच्या पुढे ठेवू नका, लवकर आंबते. काकडी न्यायचीच असेल तर कूट-खोबरं मिसळून, वर फोडणी घालून न्या, आणि मीठ कागदाच्या पुडीत वेगळं.

राहिला भात. जिरा राइससाठी नवीन भात शिजवायची गरज नाही, रात्रीचा उरलेला फ्रिजमधला भात त्याला जास्त चांगला, फक्त तो रात्रीच वेळेवर फ्रिजमध्ये गेलेला असावा. शितं हातानं मोकळी करा, दोन चमचे तुपात चमचाभर जिरं फुलवा, भात घाला, मीठ आणि पाण्याचा हलका शिपका मारून झाकण ठेवा. वाफ आली की खाली-वर करून चांगला गरम झाला का बघा आणि उतरवा. त्या दिवशी डाळीला वरून फोडणी देऊ नका, नुसती गरम करून घ्या.